सोशल नेटवर्क समजून घेताना : माणसे, जोडण्या आणि नियम

सोशल नेटवर्किंग आणि सोशल कम्प्युटिंग हे विषय अभ्यासाला घेणारा विद्यार्थी सुरुवातीला बहुधा ॲपची नावे सांगतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, लिंक्डइन यांच्याशी त्याची रोजची ओळख असते आणि त्यामुळे हा विषय आपल्याला अर्धाअधिक येतोच, असे त्याला वाटते. अभ्यास पुढे सरकू लागला की लक्षात येते की ही ॲप बदलत राहतात, बंदही पडतात, पण त्यांच्या तळाशी असलेल्या दोन गोष्टी कायम राहतात : कोण कोणाशी जोडलेले आहे याची रचना आणि त्या रचनेतून काय, किती व कोणापर्यंत पोहोचावे हे ठरवणारे नियम. समाजमाध्यमांवर काही बिघडले की आपण लगेच माणसांच्या स्वभावाला दोष देतो. लोक उथळ आहेत, भांडखोर आहेत, भोळे आहेत असे म्हणतो. माझ्या मते या विषयाची खरी समज तेव्हा येऊ लागते, जेव्हा विद्यार्थी स्वभावाकडे वळण्याआधी रचना आणि नियम तपासून पाहतो.

२००७ साली दाना बॉइड आणि निकोल एलिसन या अभ्यासकांनी सोशल नेटवर्क साइटची जी व्याख्या मांडली, तिच्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. अशा साइटवर तीन गोष्टी करता येतात असे त्यांनी म्हटले : स्वतःचे प्रोफाइल मांडणे, ज्यांच्याशी आपला संबंध आहे त्यांची यादी ठेवणे आणि आपल्या व इतरांच्या याद्यांमधून वाट काढत एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणे. पहिल्या दोन गोष्टी साध्या वहीतही करता येतात. तिसरी मात्र वेगळी आहे, कारण आपल्या मित्राचे मित्र कोण आहेत ही एरवी धूसर असणारी माहिती तिच्यामुळे डोळ्यांसमोर येते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यंत्राला मोजता येते. १९९७ साली सुरू झालेल्या सिक्सडिग्रीज या साइटने या तिन्ही सोयी एकत्र आणल्या. पुढे २००२ मध्ये फ्रेंडस्टर, २००३ मध्ये लिंक्डइन आणि मायस्पेस, २००४ मध्ये फेसबुक अशी रांग लागली.

माणसांचे जाळे मात्र या साइटच्या आधीपासून आहे आणि त्याचा अभ्यासही. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारशाळेतून थोड्याच दिवसांत १४ मुली पळून गेल्या. मानसोपचारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांनी प्रत्येक मुलीच्या मनात डोकावण्यापेक्षा निराळा मार्ग धरला. कोणत्या मुलीला कोणाबरोबर राहायला, काम करायला आवडते हे विचारून त्यांनी कागदावर मुलींसाठी बिंदू आणि नात्यांसाठी रेषा काढल्या. पळून जाण्याची लाट त्या रेषांवरून समजून घेता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलींना स्वतःला कदाचित ठाऊकही नसेल, पण कल्पना आणि धाडस या रेषांवरूनच एकीकडून दुसरीकडे पोहोचत होते. आज संगणकाच्या पडद्यावर दिसणारी कोट्यवधी लोकांची जाळी याच चित्राची वाढलेली रूपे आहेत.

अशा चित्रात बिंदू म्हणजे माणूस आणि रेषा म्हणजे जोडणी. जोडणी दुतर्फा असू शकते, जशी फेसबुकवरची मैत्री, किंवा एकतर्फी, जसे एखाद्याला फॉलो करणे. एका बिंदूला जितक्या रेषा मिळतात ती त्याची जोडणीसंख्या. इतक्या साध्या साहित्यातून काय हाती लागू शकते, हे दाखवायला झॅकरी यांच्या कराटे क्लबाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. वेन झॅकरी या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका विद्यापीठातल्या कराटे क्लबाचे निरीक्षण केले आणि १९७७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांच्या अभ्यासात क्लबातील ३४ जण होते. क्लबाबाहेरही ज्यांचे एकमेकांशी येणेजाणे होते, अशा जोड्या त्यांनी नोंदवल्या. त्या ७८ भरल्या. निरीक्षण चालू असतानाच प्रशिक्षक आणि क्लबाचा अध्यक्ष यांच्यात वाद झाला आणि क्लब दुभंगला. झॅकरी यांनी जोडण्यांच्या जाळ्यात सर्वांत कमकुवत जागी छेद दिला, तर दोन गट कसे पडतील याचे गणित मांडले. कोण काय म्हणाले, कोणाचा स्वभाव कसा होता, यांपैकी काहीही या गणितात नव्हते. तरीही ३४ पैकी ३३ जण कोणत्या बाजूला गेले ते बरोबर आले. गणिताला जो एक सदस्य चकवून गेला त्याचा ब्लॅक बेल्ट जवळ आला होता आणि तो मिळवण्यासाठी त्याला प्रशिक्षकासोबत राहणे भाग होते. रचना किती सांगते आणि कुठे थांबते, हे दोन्ही या एका उदाहरणात दिसते.

इथून पुढे विद्यार्थ्याला मोजमापाची गोडी लागते. ज्याच्या जोडण्या जास्त तो महत्त्वाचा, हे पहिले उत्तर असते. नंतर कळते की केवळ दोनच जोडण्या असलेला माणूसही, त्या दोन अगदी वेगळ्या गटांमध्ये जात असतील, तर फार महत्त्वाचा असू शकतो, कारण एका गटातून दुसऱ्या गटात जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या हातून जाते. अशा दुव्याच्या माणसाला गर्दीत कोणी ओळखत नाही. तो निघून गेल्यावर दोन गट एकमेकांना दुरावले की मगच त्याची जागा कळते.

या मोजमापातून निघालेली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती रोजच्या जगण्यातील एका दुखऱ्या भावनेशी जोडलेली आहे. आपल्यापेक्षा आपल्या मित्रांना जास्त मित्र आहेत असे बहुतेकांना वाटते. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली दाखवून दिले की हे निव्वळ वाटणे नाही, ते बहुतेकांच्या बाबतीत खरेच असते, आणि त्याचे कारण शुद्ध अंकगणित आहे. चार माणसे घेऊ : अ, ब, क आणि ड. अ ची इतर तिघांशी मैत्री आहे, पण त्या तिघांची आपसात ओळख नाही. म्हणजे अ ला तीन मित्र आणि बाकी प्रत्येकाला एक. चौघांची सरासरी काढली तर प्रत्येकी दीड मित्र. आता हाच प्रश्न उलटा विचारू : प्रत्येकाच्या मित्रांना सरासरी किती मित्र आहेत? ब, क आणि ड या तिघांचा एकमेव मित्र अ आहे आणि त्याला तीन मित्र आहेत. म्हणून या तिघांचे उत्तर तीन येते. अ च्या मित्रांना प्रत्येकी एकच मित्र आहे, म्हणून त्याचे उत्तर एक. या चार उत्तरांची सरासरी अडीच येते. दीड आणि अडीच यांतील हा फरक कोणाच्याही लोकप्रियतेबद्दल नवे काही सांगत नाही; ज्याला पुष्कळ मित्र आहेत तो पुष्कळांच्या यादीत असल्यामुळे पुन्हा पुन्हा मोजला जातो, एवढेच त्यामागे आहे. २०११ साली फेसबुकच्या जाळ्याचा जो मोठा अभ्यास झाला त्यात वापरकर्त्याला सरासरी १९० मित्र होते, तर त्याच्या मित्रांना सरासरी ६३५. आपण मागे पडलो आहोत या भावनेने समाजमाध्यमावर खंतावणाऱ्या तरुणांना हे चार बिंदूंचे गणित कोणीतरी आवर्जून समजावून सांगावे असे मला मनापासून वाटते. मित्रांचीच गोष्ट सहलींची आणि समारंभांचीही असते, कारण ज्यांचे जगणे जास्त दिसते त्यांच्याच पोस्ट जास्त लोकांच्या पडद्यावर येतात.

मित्रसंख्येच्या याच विरोधाभासाचा उपयोगही करता येतो. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००९ सालच्या फ्लूच्या साथीत हार्वर्ड विद्यापीठातील ७४४ विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवले. त्यांतील ३१९ जण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कसलाही निकष न लावता निवडलेले होते आणि ४२५ जण असे होते ज्यांची नावे कोणीतरी मित्र म्हणून सांगितली होती. मित्र म्हणून नाव आलेला माणूस जाळ्याच्या मध्याजवळ असण्याची शक्यता जास्त, हे वरच्या गणितावरून कळते. आणि जो मध्याजवळ आहे त्याच्यापर्यंत साथही लवकर पोहोचते. प्रत्यक्षात मित्रांच्या गटात साथ सुमारे दोन आठवडे आधी दिसली. संपूर्ण जाळ्याचा नकाशा न काढताही जाळ्याच्या गुणधर्माचा असा फायदा घेता येतो.

जगातील कोणतीही दोन माणसे सहा ओळखींच्या अंतरावर आहेत, हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. त्यामागे स्टॅनले मिलग्रम यांचे १९६० च्या दशकातील प्रयोग आहेत. अमेरिकेच्या मध्यभागातील आणि बोस्टनमधील लोकांना एक पाकीट देऊन ते बोस्टनच्या परिसरात राहणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत पोहोचवायला सांगण्यात आले. अट अशी की पाकीट फक्त वैयक्तिक ओळखीच्या माणसाकडेच द्यायचे. १९६९ साली जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार २९६ पाकिटांपैकी ६४ पोहोचली आणि पोहोचलेल्या साखळ्यांमध्ये सरासरी पाचांहून थोडे अधिक मध्यस्थ होते. सहाचा आकडा प्रसिद्ध झाला, पण न पोहोचलेली २३२ पाकिटे विसरली गेली. लांब साखळी मध्येच तुटण्याचा संभव जास्त असल्याने केवळ पोहोचलेल्या साखळ्यांची सरासरी काढणे धोक्याचे असते, हे विद्यार्थ्याने इथेच शिकून घ्यावे. पुढे पूर्ण जाळेच संगणकात उपलब्ध झाले, तेव्हा हे अंतर थेट मोजता आले. २०११ साली फेसबुकवरील ७२ कोटी १० लाख वापरकर्ते आणि त्यांच्यातील सुमारे ६,९०० कोटी जोडण्या तपासल्या गेल्या. दोन व्यक्तींमधील सरासरी अंतर ४.७४ पायऱ्यांचे निघाले, म्हणजे मध्ये चारहून कमी माणसे.

इतके मोठे जाळे इतके जवळचे कसे, याचे उत्तर १९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी दिले. एका वर्तुळावर एक हजार माणसे उभी आहेत आणि प्रत्येक जण दोन्ही बाजूंच्या पाच-पाच शेजाऱ्यांनाच ओळखतो अशी कल्पना करू. समोरच्या टोकापर्यंत निरोप द्यायचा तर तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जातो आणि दोन माणसांतील सरासरी अंतर पन्नास पायऱ्यांच्या आसपास भरते. उलट सगळ्या ओळखी चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, तर हे अंतर तीनच्या आसपास येते, पण मग आपले मित्र आपसातही मित्र असण्याचे गुणवैशिष्ट्य नाहीसे होते. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांच्या लक्षात आले की या दोन टोकांच्या मध्ये एक विलक्षण पट्टा आहे. शंभरातील एखाद-दुसरी ओळख दूरच्या माणसाशी जोडून दिली की अंतर झपाट्याने घटते आणि घट्ट गट मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहतात. म्हणूनच आपण आपल्या छोट्या गटात राहतो असे आपल्याला वाटते, आणि तरीही अफवा काही तासांत खूप दूर पोहोचते. जवळची वाट अस्तित्वात असणे वेगळे आणि ती माणसाला सापडणे वेगळे, हा आणखी एक सूक्ष्म मुद्दा जॉन क्लाइनबर्ग यांनी २००० साली मांडला. पाकीट हातात असलेल्याला पूर्ण नकाशा दिसत नाही. दूरच्या ओळखी विशिष्ट प्रमाणात पसरलेल्या असतील तरच त्याचा अंदाज खरा ठरतो.

दूरच्या ओळखींचे मोल त्याआधीच, १९७३ साली, मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवले होते. ज्यांना ओळखीतून नोकरीची माहिती मिळाली अशांना त्यांनी विचारले की, त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार, असे म्हणणारे १६.७ टक्के होते, अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच म्हणणारे २७.८ टक्के. जिवलग मित्रांना बहुधा तेच माहीत असते जे आपल्याला आधीच माहीत आहे. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून येते. २०२२ साली लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक लोकांवरील प्रयोगांच्या विश्लेषणातून हा विचार बऱ्याच अंशी खरा ठरला, मात्र एका दुरुस्तीसह : नोकरी बदलण्यासाठी सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम प्रमाणात सैल ओळखी. अगदी नावापुरती ओळखही फारशी कामाला येत नाही.

येथपर्यंत जाळे स्थिर होते. आपण त्याचा नकाशा काढत होतो. सोशल कम्प्युटिंगकडे वळताना विद्यार्थ्याला दृष्टी थोडी वळवावी लागते. या ज्ञानशाखेत माणसांचे परस्परांतील वागणे हेच गणनेचे साहित्य असते. लाखो लोकांची छोटी छोटी कृत्ये, म्हणजे क्लिक, मत, दुरुस्ती किंवा निवड, एकत्र करून त्यांतून एकट्या माणसाला किंवा एकट्या यंत्राला न सापडणारे उत्तर काढायचे, असा तिचा गाभा आहे. तुम्हाला एखादा चित्रपट सुचवणारी यंत्रणा तो चित्रपट समजून घेत नाही. ज्यांची आवड आजवर तुमच्याशी जुळली, त्यांना काय आवडले एवढेच ती पाहते. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ई-मेल आणि बातम्यांच्या पुरातून कामाचे तेवढे निवडण्यासाठी तयार झाली.

लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली सुरू केलेले रिकॅप्चा हे या कल्पनेचे सर्वांत स्वच्छ रूप आहे. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी पडद्यावरचे दोन वेडेवाकडे शब्द टाइप करावे लागत. त्यांपैकी एका शब्दाचे उत्तर यंत्रणेला आधीच ठाऊक असे. दुसरा शब्द जुन्या छापील मजकुरातून आलेला असे आणि तो संगणकाला वाचता आलेला नसे. ठाऊक असलेला शब्द बरोबर आला की दुसऱ्यालाही विश्वासार्ह धरायचे आणि अनेक जणांची उत्तरे जुळली की तो शब्द नक्की करायचा. अशा रीतीने लोकांच्या काही सेकंदांतून जुन्या वर्तमानपत्रांचे आणि पुस्तकांचे संगणकीकरण झाले. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. पण आपण काम करत आहोत हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हते, हेही खरे, आणि २००९ साली गूगलने ही कंपनी विकत घेतल्यावर त्या श्रमाचे मोल कोणाकडे गेले हा प्रश्न विद्यार्थ्याने टाळू नये.

अनेकांची मते एकत्र केल्यावर शहाणपण कधी हाती येते आणि कधी नाही, हा या शाखेतील सर्वांत खोल प्रश्न मला वाटतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथील एका प्रदर्शनातील स्पर्धेचा हिशेब मांडला. कापून साफ केल्यावर एका बैलाचे वजन किती भरेल याचा अंदाज लोकांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मध्यक १,२०७ पौंड आला आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. एक टक्क्याहूनही कमी चूक. हे उदाहरण नेहमी समूहाच्या शहाणपणाचा पुरावा म्हणून दिले जाते, पण त्यातील अट सहसा सांगितली जात नाही : प्रत्येकाने आपली चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्या न पाहता लिहिली होती. त्यामुळे एकाची चूक एका दिशेला आणि दुसऱ्याची दुसऱ्या दिशेला जाऊन चुका एकमेकींना खोडत होत्या.

ही अट काढून घेतली की काय होते, हे मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांच्या २००६ सालच्या प्रयोगात दिसते. त्यांनी एक संगीताची साइट तयार केली आणि तिच्यावर फारशा परिचित नसलेल्या गायकवृंदांची ४८ गाणी ठेवली. आलेल्या १४,३४१ लोकांना त्यांच्या नकळत वेगवेगळ्या गटांत विभागले. एका गटाला फक्त गाण्यांची आणि वृंदांची नावे दिसत. बाकीच्यांना, ते ज्या गटात पडले त्या गटात प्रत्येक गाणे आजवर किती जणांनी उतरवून घेतले (डाउनलोड केले), तो आकडाही दिसे. असे आकडे दाखवणारे आठ गट होते, आठ समांतर जगांसारखे. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून, पण एका जगाला दुसऱ्याची खबर नाही. आकडा दिसणाऱ्या जगांमध्ये लोकप्रिय आणि अप्रिय यांतील दरी वाढली, हे अपेक्षितच होते. विचार करायला लावणारी गोष्ट अशी की आठ जगांतील यशस्वी गाणी सारखी नव्हती. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, परंतु मधल्या गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. सुरुवातीच्या काही जणांची योगायोगाने झालेली निवड पुढच्यांना कौल वाटली आणि त्यांनी तिच्यात भर घातली. आकड्यांनुसार गाणी वरून खाली क्रमाने लावल्यावर हा परिणाम आणखी वाढला. श्रोते सगळीकडे सारख्याच प्रकारचे होते आणि गाणी तीच; बदलला तो केवळ पडद्यावर काय दाखवायचे याचा नियम.

२०१३ साली सिनान अराल आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रतिक्रियांवरील मतांबाबत तपासली. एका बातम्यांच्या साइटवरील काही प्रतिक्रियांना त्यांनी सुरुवातीलाच एक कृत्रिम अनुकूल मत दिले. त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. कृत्रिम प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढच्या वाचकांनी बऱ्याच अंशी भरून काढला. दिसणारी लाईकची संख्या ही जनमताची मोजणी आहे असे ज्याला वाटते, त्याने हे दोन प्रयोग शेजारीशेजारी ठेवून वाचावेत.

नियम बदलल्याने वागणे बदलते याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे संदेश पुढे पाठवण्यावरची मर्यादा. व्हॉट्सॲपने जानेवारी २०१९ मध्ये जगभर एक संदेश एका वेळी पाच चॅटपुरता मर्यादित केला आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे ठरवले. त्यानंतर अशा संदेशांचे पुढे जाणे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. संदेशाचा मजकूर कोणी वाचला नाही, कोणाला उपदेश केला नाही. पुढे पाठवण्यासाठी लागणारे कष्ट थोडे वाढवले, इतकेच. खोटी माहिती वेगाने पसरते ही तक्रारही केवळ तर्क राहिलेली नाही. सोरूश वोसुगी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या, तथ्यपडताळणी झालेल्या सुमारे १,२६,००० मजकुरांचा माग काढला. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या मजकुराला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागला. स्वयंचलित खाती वगळल्यावरही हा फरक टिकला. म्हणजे पसरवणारी माणसेच होती. इथे मी सुरुवातीला बाजूला ठेवलेला स्वभाव परत येतो, आणि यायलाच हवा, कारण नव्या आणि धक्कादायक गोष्टीकडे माणूस ओढला जातो. फक्त त्या ओढीला एका बोटाच्या स्पर्शात हजारोंपर्यंत नेणारे बटण कोणी आणि कशासाठी बसवले, हा प्रश्नही तिच्याबरोबरच विचारायला हवा.

खासगीपणाचा विचार करतानाही रचनेचे भान लागते. आपण आपली माहिती सांभाळली की पुरे, ही समजूत एकेका माणसापुरती ठीक आहे. जाळ्यात ती अपुरी पडते. २०१८ साली उघडकीस आलेल्या, केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप सुमारे तीन लाख लोकांनी घेतले होते. त्या काळच्या नियमांनुसार ॲपला वापरकर्त्याच्या मित्रांचीही माहिती मिळत असे, आणि त्यामुळे फेसबुकच्या अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी. भागाकार केला तर एकामागे सुमारे २९० जण येतात. या जवळजवळ तीनशे जणांनी कोणत्याही चाचणीला होकार दिला नव्हता. ते केवळ कोणाच्या तरी यादीत होते. संमती एकट्याची आणि परिणाम शेजाऱ्यांचा, अशी ही अडचण आहे, आणि अटी मान्य असल्याच्या चौकटीवरील एका टिचकीने ती सुटत नाही.

अभ्यास आणखी पुढे गेला की एक अवघड कोडे समोर येते. दोन मित्र एकाच सुमारास एखादे नवे ॲप वापरू लागले, तर एकाने दुसऱ्याला प्रभावित केले, की दोघांची आवड मुळातच सारखी होती आणि म्हणूनच ते मित्र झाले होते? बाहेरून पाहताना दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. सारख्यांची सारख्यांशी मैत्री होते हे समाजशास्त्राने फार पूर्वी नोंदवले आहे, तरीही अनेक अभ्यास सारखेपणालाच प्रभाव समजून बसले. अराल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याहूच्या २ कोटी ७० लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या जाळ्यात एका सेवेचा प्रसार तपासला, तेव्हा जुन्या पद्धतींनी प्रभावाचा अंदाज तिपटीपासून सातपटीपर्यंत फुगवून सांगितल्याचे दिसले. प्रभावशाली व्यक्तींना पैसे देऊन मालाचा प्रचार करवून घेणाऱ्या सर्वांनी हा निष्कर्ष वाचण्यासारखा आहे.

हे कोडे खात्रीने सोडवायचे तर प्रयोग करावा लागतो, म्हणजे काहींच्या पडद्यावर एक आणि काहींच्या पडद्यावर दुसरे असे मुद्दाम दाखवावे लागते. असा प्रयोग करण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती नियम आहेत त्याच्याकडेच असते. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधील आनंदी किंवा दुःखी मजकुराचे प्रमाण बदलून पाहिले आणि त्यांच्या स्वतःच्या लिखाणाचा सूर अगदी किंचित बदलल्याचे आढळले. २०१४ साली निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा वाद पेटला तो मुख्यतः संमतीवरून, कारण आपण प्रयोगात आहोत हे त्या लोकांना विचारलेलेच नव्हते. माझ्या मते तो राग योग्य होता, पण त्याचा एक अनिष्ट परिणामही संभवतो : प्रयोग चालूच राहायचे आणि निष्कर्ष तेवढे प्रसिद्ध करायचे नाहीत, हा मार्ग कंपन्यांना अधिक सुरक्षित वाटू शकतो.

बाहेरच्या अभ्यासकाची वाट दरम्यान अरुंद होत गेली आहे. ट्विटरची माहिती अनेक वर्षे विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना सहज मिळत असे आणि वर उल्लेखलेल्या प्रकारचे कितीतरी अभ्यास अशा माहितीवर उभे राहिले. २०२३ साली ती मोफत सोय बंद झाली. त्याच सुमारास युरोपीय संघाने उलट दिशेने पाऊल टाकले. तेथील डिजिटल सेवा कायद्याच्या ४० व्या कलमानुसार, युरोपीय संघात महिन्याला साडेचार कोटी किंवा त्याहून अधिक वापरकर्ते असल्याने अतिविशाल ठरवलेल्या मंचांना पात्र संशोधकांसाठी आपली माहिती खुली करावी लागते. संशोधकाने व्यापारी हितसंबंधांपासून स्वतंत्र असावे, माहिती सुरक्षित ठेवावी आणि आपले निष्कर्ष लोकांसाठी मोफत उपलब्ध करावेत, अशा अटी त्यात आहेत. फीडमध्ये कोणता मजकूर कोणत्या नियमाने वर येतो, आणि तो नियम बदलल्यावर कोणापर्यंत काय पोहोचायचे थांबते, हे प्रश्न त्यामुळे मंचाच्या मालकाखेरीज इतरांनाही विचारता आणि तपासता येऊ शकतात.